आधी पाणी ठरवा, मग बोट

यावेळी पत्रं बोटींवरचीच जास्त आलीत. नवल नाही, एप्रिल-मे आला की बोट विकणारे घाईला येतात, पावसाळ्याआधी ती पाण्याबाहेर काढायची, झाकायची, कुठेतरी चार महिने ठेवायची, त्यापेक्षा आत्ताच गेलेली बरी असा त्यांचा हिशोब. घेणाऱ्याला भाव करायला हे दिवस चांगले, फक्त त्यांची घाई आपल्या अंगावर घ्यायची नाही. पहिलं पत्र सविस्तर घेतो, बाकीची पटापट.

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो, आम्ही दोघं, मुलगी १४ ची, मुलगा ९ चा आणि सासूबाई. अलिबागकडे एक १८ फुटी फायबरची बोट मिळतेय, ६० एचपीचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगलेलं) इंजिन आहे, आठ वर्षं जुनी पण मालक म्हणतो जेमतेम १२० तास चाललीय. ट्रेलरसकट साडेसहा लाख सांगतोय, कागद आहेत पण नंतर देतो म्हणतो. रविवारी पानशेतला न्यायची आणि कधीमधी मांडव्याला, असा विचार आहे. पोहता सगळ्यांना येतं, बोट मात्र कुणीच चालवलेली नाही. घ्यावी का? आणि बघायला जाताना नेमकं काय बघायचं?
– वाचक, कोथरूड

उत्तर : बोटीचं नंतर बोलू, आधी ती सोडणार कुठे ते बघा. पानशेत असं लिहिलंयत खरं, पण तिथे जाऊन कुणाला विचारलंयत का? पुण्याभोवतीची धरणं म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, भाटघर ही जलसंपदा खात्याची, मुळशी टाटांचं, आणि यातल्या कुठल्याच पाण्यात रविवारी सकाळी ट्रेलर लावला आणि सोडली बोट असं चालत नाही. खडकवासल्याचं पाणी तर आपण नळाला पितो, शिवाय काठाला एनडीए, म्हणजे लष्कराची प्रबोधिनी आहे, तो विचारच नको. पर्यटकांचं बोटिंग चालतं ते बघून लोक धरून चालतात की आपलीही चालेल, पण ती परवानगी ते चालवणाऱ्याला दिलेली असते, तुम्हाला नाही.

तर टोकन द्यायच्या आधी धरणाच्या ऑफिसात जा, खासगी बोटीला परवानगी देता का, कुठून उतरवायची, पेट्रोल इंजिन चालतं का हे लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या. तोंडी 'चालतंय की ओ' ला काही अर्थ नसतो, साहेब बदलला की उत्तर बदलतं. दुसरा रस्ता म्हणजे काठावरचा एखादा क्लब किंवा रिसॉर्ट, ज्यांच्याकडे स्वतःची परवानगी आणि रॅम्प आहे, त्यांच्याकडे वर्षाचे पैसे भरून बोट ठेवायची. महाग पडतं, पण नवख्या माणसाला मी तेच सांगेन, कारण तिथे बोट ओढायला ट्रॅक्टर असतो, दोन जाणती माणसं असतात आणि इंजिन बंद पडलं तर कुणीतरी दोर घेऊन येतं. यातलं काहीच जमत नसेल तर साडेसहाची बोट तीन लाखात मिळाली तरी घेऊ नका.

धरणाच्या पाण्याचं अजून एक आहे. सप्टेंबरात काठोकाठ असतं आणि मे महिन्यात कितीतरी मीटर खाली गेलेलं असतं, तेव्हा रॅम्प चिखलात संपतो आणि ट्रेलर रुततो. पवनेत उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं, उजनीत पळसदेवचं. म्हणजे डिसेंबरात ज्या गुळगुळीत पाण्यावरून तुम्ही जाता त्याच्या पोटात भिंती आहेत, शेताचे बांध आहेत, झाडांची खोडं आहेत, आणि पाणी उतरायला लागलं की हे सगळं हळूहळू प्रोपेलरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या पंख्याच्या टप्प्यात येतं. जिथे बोट चालवणार तिथे मे महिन्यात एकदा पायी फिरून या, मोबाइलवर भरपूर फोटो काढून ठेवा, पुढे वर्षभर उपयोगी पडतील.

आता कागद. 'नंतर देतो' हे वाक्य ऐकलं की मी तिथेच थांबतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय, त्यात इंजिनावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी, सर्व्हे सर्टिफिकेट आणि विमा या तिन्ही गोष्टी आल्या, आणि आपल्या राज्यात ते काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड बघतं. तेव्हा बोर्डाच्या बंदर अधिकाऱ्याकडे जाऊन नोंदणी कुणाच्या नावावर आहे, नाव बदलायला काय लागतं हे तुम्ही स्वतः विचारा, मालकाच्या सांगण्यावर जाऊ नका. बोटीवरचा नंबर आणि इंजिनच्या ब्रॅकेटवर असते त्या पट्टीवरचा सिरियल नंबर कागदाशी ताडून बघा, कारण जुन्या बोटीवर इंजिन बदललेलं असणं अगदी कॉमन आहे आणि मग कागद एका इंजिनाचा आणि मागे टांगलेलं दुसरंच असं होतं. इंजिन बाहेरून आणलेलं असेल तर कस्टमचे कागद मागा. आणि ट्रेलर! ट्रेलरची आरटीओकडे वेगळी नोंदणी लागते हे निम्म्या लोकांना माहीत नसतं, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला बिननंबरचा ट्रेलर घेऊन घाट चढायला लागलात तर पहिल्याच नाक्यावर बाजूला घेतील. तसाही १८ फुटी बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून टनाच्या आसपास वजन जातं, ते हॅचबॅकचं काम नाही. बरेच जण सरळ आयशर टेम्पो करतात, चढवायला-उतरवायला हायड्रा क्रेन, आणि बोट एकदाच काय ती आणून ठेवतात. मला तेच जास्त पटतं.

१२० तासांचं सांगायचं तर आठ वर्षांत १२० म्हणजे वर्षाला १५ तास. ऐकायला छान वाटतं पण बोटीचं इंजिन चालून जेवढं बिघडतं त्यापेक्षा उभं राहून जास्त बिघडतं. पेट्रोल आटून त्याचा चिकट थर इंजेक्टरमध्ये बसतो, रबरं कडक होतात, खाऱ्या पाण्यात चालवून गोड्या पाण्याने धुतलेलं नसेल तर आतल्या नळ्यांत मीठ धरतं. दरवर्षी ६०-७० तास नीट चाललेलं आणि वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलेलं इंजिन मी यापेक्षा आधी घेईन. आणि तासांचा आकडा तोंडी कशाला, फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात ईसीयू, म्हणजे त्याचा छोटा संगणक असतो, कंपनीचा मेकॅनिक लॅपटॉप लावून एकूण तास किती आणि त्यातले किती फुल स्पीडला हे काढून देतो. मालक त्याला नाही म्हणाला तर समजून जा.

बघायला जाताना फोनवरच सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्या पोचल्या झाकण काढून सिलिंडरच्या भागाला हात लावा, गरम लागलं तर त्याने आधीच चालवून घेतलंय, मग जेवून या, दोन तासांनी परत बघा. थंड इंजिन दोन-तीन सेकंदांत लागायला हवं. मात्र कोरडं चालवू द्यायचं नाही, बोट पाण्यात हवी किंवा इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या पायाला पाण्याच्या पाइपची जोडणी लावलेली हवी, कारण पाणी ओढणारी रबरी चकती असते ना, इम्पेलर, ती कोरडी फिरली की लगेच जळते. इंजिन लागलं की मागे जाऊन उभे राहा. झाकणाखाली एका बारीक भोकातून पाण्याची धार बाहेर पडते, तिला टेलटेल म्हणतात. धार सलग आणि जोरात हवी, हात धरून बघा, थोड्या वेळाने कोमट लागली पाहिजे. तुटक तुटक पडत असेल तर इम्पेलर गेलाय किंवा नळ्या बुजल्यात. इम्पेलर स्वस्त आहे, आत मिठाने बुजलेलं इंजिन नाही. मग इंजिन बंद करून खालच्या गिअरकेसचा तळाचा स्क्रू जरासा सैल करायला सांगा आणि तेलाचे चार थेंब बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरतंय, बोटावर चमचमणारे कण राहिले तर गिअर झिजतायत. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब बघून घ्या, नुसता आकडा किती यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का हे महत्त्वाचं. प्रोपेलर काढायला लावा, शाफ्टभोवती मासेमारीची नायलॉन दोरी गुंडाळलेली सापडते आणि तीच पुढे सील कापते. प्रोपेलरच्या खालचा उभा पंख तुटका किंवा नवा वेल्ड केलेला असेल तर कुठेतरी खडकावर आपटलीय.

बोटीच्या अंगाकडे लोक फार बघतात आणि नको तिथे बघतात. जेलकोटवर, म्हणजे बाहेरच्या चकचकीत थरावर चरे आहेत, रंग उडालाय, सीट फाटलीय याने काही बिघडत नाही, उलट भाव कमी करायला बरं. बघायची ती मागची फळी, ट्रान्सम, जिच्यावर शंभर किलोच्या वरचं इंजिन टांगलेलं असतं. जुन्या बोटीत फायबरच्या आत प्लायवुड असतं आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते आतल्या आत कुजतं, बाहेरून काही दिसत नाही. इंजिन थोडं तिरकं उचला, खालच्या टोकाला धरून अंगचा जोर लावून वर-खाली करा आणि कुणालातरी ट्रान्समकडे बघायला सांगा. फळी जरा जरी लवली किंवा कोपऱ्यात चिरा उघडल्या तर पुढे काही बघू नका, नमस्कार करून निघा. लवली नाही तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळीवर आणि डेकवर ठोकत जा, चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी भद्द. सीटच्या पायांपाशी अनवाणी उभं राहून बघा, जमीन दबते का.

आणि एक गोष्ट फारसं कुणी करत नाही, वजनकाटा. बोटीच्या डेकखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो, तो वर्षानुवर्षं पाणी पीत जातो आणि ते बाहेर निघत नाही. हायवेवरच्या कुठल्याही काट्यावर बोट ट्रेलरसकट चढवा, ट्रेलर, इंजिन, पेट्रोल, बॅटरी यांचं वजन वजा करा आणि कंपनीने दिलेल्या वजनाशी ताडून बघा. दीडदोनशे किलो जास्त भरलं तर ते पाणी आहे. काट्याची पावती भाव करताना टेबलावर ठेवायला पण बरी पडते.

एवढ्यातून बोट उतरली तर पाण्यात ट्रायल घ्या, आणि ती मालक एकटा बसून नाही, तुमच्या घराएवढं वजन घेऊन. बहुतेक फोर स्ट्रोक आउटबोर्ड फुल थ्रॉटलला ५००० ते ६००० आरपीएमच्या मध्ये यायला हवीत, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. सगळे बसल्यावर ती ४२०० ला अडकली तर प्रोपेलर चुकीचा आहे, नाहीतर इंजिन थकलंय, नाहीतर तो फोमच. ट्रायलनंतर बोट तासभर तशीच पाण्यात राहू द्या आणि मग तळात किती पाणी साचलं ते बघा. हे सगळं वाचून डोकं गरगरलं असेल तर मरीन सर्व्हेअर बोलवा, पैसे घेतो पण विम्यालाही बहुतेक वेळा त्याचा रिपोर्ट लागतोच. पुण्यात आउटबोर्ड उघडणारे मेकॅनिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेव्हा त्याच इंजिनाचं काम करणारा माणूस मुंबई-अलिबागकडचा धरा आणि त्याचा नंबर आयुष्यभर जपून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर बोटीची जी किंमत ठरेल तिचा पाचवा हिस्सा वेगळा काढून ठेवा, इम्पेलर, प्लग, तेल, फिल्टर, पेट्रोलचे पाइप, बॅटरी हे पहिल्याच वर्षी सगळं बदलायचंय, वर नांगर, दोर, अग्निशामक, तळातलं पाणी उपसायचा बिल्ज पंप. बोट समुद्रातली आहे तर इंजिनावर गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे अॅनोड असतील, धरणाच्या गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर बसून ते काम करेनासे होतात, तिथे मॅग्नेशियमचे लावतात, तेही लक्षात ठेवा. आणि पेट्रोल, ६० एचपी फुल थ्रॉटलला तासाला वीस लिटरच्या वर पितं, आरामात चालवलंत तर साधारण निम्मं. लिटर शंभरीपार गेलेलं असताना हिशोब तुम्हीच करा.

मांडवा पहिलं वर्ष डोक्यातून काढा. धरणात भरती-ओहोटी नाही, मुंबईच्या बाजूला उधाणाला पाणी जवळजवळ पाच मीटर चढतं-उतरतं, सकाळी जिथून निघालात तिथे संध्याकाळी चिखल असतो. दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटा उभ्या राहतात आणि १८ फुटी उघड्या बोटीत सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा, नको. पावसाळ्यात तर गेटवे-मांडवा मोठ्या लाँचसुद्धा बंद असतात. शिवाय समुद्राची कागदपत्रं वेगळी लागतात, धरणाच्या परवानगीवर तिथे जाता येत नाही.

चालवायला शिकण्याचं सांगतो आणि थांबतो. सरळ जाणं कुणालाही जमतं, जेट्टीला लावणं हा सगळा खेळ आहे, बोटीला ब्रेक नसतो आणि वारा तिला आडवं ढकलत असतो. पहिले काही रविवार एखाद्या जाणत्या तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्याला पैसे देऊन बरोबर घ्या आणि त्याच्याकडून फक्त लावणं-काढणं घोटून घ्या. नियमातली एक गोष्ट आपल्याला मुद्दाम गिरवावी लागते, समोरून बोट आली की दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं असतं. आपण आयुष्यभर रस्त्यावर डावीकडे सरकत आलोय, घाबरलं की हात आपोआप तिकडेच जातो. आणि किल स्विचची लाल दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली हवी, तो पडला तर इंजिन बंद होतं, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

एकूण माझं मत, ही बोट वाईट आहे असं वाटत नाही, माणूस जरा घाईतला वाटतो. पाण्याची परवानगी हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका आणि कागद 'आधी' मिळाल्याशिवाय बघायलाही जाऊ नका.

प्रश्न : हल्ली पंपावर सगळीकडे ई२० पेट्रोल मिळतं. बोटीच्या इंजिनाला चालतं का?
– वाचक, वारजे

उत्तर : बहुतेक आउटबोर्ड कंपन्या दहा टक्के इथेनॉलपर्यंतच चालतं असं मॅन्युअलमध्ये लिहितात, पंपावर वीस टक्क्यांचं मिळतं, म्हणजे प्रश्न बरोबर आहे. कारमध्ये एवढा त्रास होत नाही कारण टाकी आठवड्यात रिकामी होते. बोटीची टाकी हवेला उघडी असते, पाण्यावर दमट हवा, त्यात बोट महिना महिना उभी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ओढता ओढता एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं, आणि इंजिनाचा पाइप नेमका तळातूनच ओढतो. मग धरणाच्या मध्यावर इंजिन खोकून बंद पडतं आणि सगळे म्हणतात इंजिन खराब.

तर त्या दिवसाला लागेल तेवढंच भरा, उरलं तर काढून स्कूटरमध्ये घाला. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, खाली पारदर्शक वाटी असलेला, निघायच्या आधी तिच्यात पाणी दिसतंय का बघायचं. जुने रबरी पाइप आणि हाताने दाबायचा प्रायमर बल्ब बदलून इथेनॉलला टिकणारे घ्या, जुने मऊ पडून आतून सोलतात. बोटीतच ओतलेली जुनी फायबरची टाकी असेल तर ती आधी मेकॅनिकला दाखवा, इथेनॉलने तिचं रेझिन सुटतं आणि तो चिकटा थेट इंजिनात जातो. वॉरंटीतलं इंजिन असेल तर कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

प्रश्न : घरात सगळे पट्टीचे पोहणारे आहेत, टिळक टँकला वाढलेले. तरी लाइफ जॅकेट घालायलाच हवं का? मुलांना फार उकडतं.
– वाचक, डेक्कन

उत्तर : घालायलाच हवं, आणि हातात किंवा सीटखाली नाही, अंगात. टँकला कठडा दहा-पंधरा मीटरवर असतो, कपडे नसतात, पाणी हलत नसतं. २१ मे २०२४ ला उजनीत कुगावहून कळाशीला येणारी प्रवासी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले, त्यात लहान मुलं होती. एकच जण पोहून काठाला लागला. वळवाच्या दिवसांत हे असंच होतं, दुपारी चारपर्यंत पाणी आरशासारखं आणि मग डोंगराआडून एकदम वारा येतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनच्या आत परत काठाला असं ठरवूनच निघा.

जॅकेट घेताना त्यावरचा आकडा बघा. ५० न्यूटनचं हे पोहता येणाऱ्यासाठी नुसता आधार आहे, बेशुद्ध माणसाचं तोंड वर राहावं असं हवं असेल तर कॉलर असलेलं १०० न्यूटनचं. मुलांना मोठ्यांचं घालू नका, पाण्यात पडलं की जॅकेट वर येतं आणि पोरगं खालून निसटतं. मुलांचं वजनावर मिळतं, दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. घालून बघा, खांद्याला धरून वर ओढा, कानापर्यंत आलं तर मोठं होतंय. उकडतं म्हणाल तर टोपी भिजवून घाला.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोट ठेवली तर चालेल का? सेक्रेटरी आत्ताच तोंड वाकडं करतोय.
– वाचक, बाणेर

उत्तर : सेक्रेटरीचं सोडा, मावणारच नाही. १८ फुटी बोट ट्रेलरवर, पुढचा दांडा आणि मागचं इंजिन धरून बावीस-तेवीस फूट लांब होते आणि सात फूट रुंद, तुमचं कारचं पार्किंग सोळा-सतरा फुटांचं. सर्वसाधारण सभेत हा विषय काढून वर्षभराचं मनोरंजन करायचं असेल तर गोष्ट वेगळी. मुळशी किंवा पानशेत रस्त्याला कुणाची शेड भाड्याने मिळते का बघा, धरणाजवळ ठेवली तर ओढायचा त्रासही वाचतो.

पावसाळ्यात ठेवताना तळाचं बूच काढून ठेवायचं आणि बोटीचं तोंड वर करून ठेवायची, म्हणजे आत शिरलेलं पाणी मागून निघून जातं. ताडपत्री मध्ये उंच बांधा, सपाट बांधली तर तिच्यावर तळं होतं. बॅटरी घरी आणा. उंदीर वायरी कुरतडतात, त्याचा बंदोबस्त करा. आणि काढलेलं बूच इंजिनच्या किल्लीला बांधून ठेवा, म्हणजे ऑक्टोबरात ते न लावता बोट पाण्यात सोडणाऱ्यांत तुमचा नंबर लागणार नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्र मिळून एक जुनी बोट घ्यायचं म्हणतोय. खर्च चौघांत. काही अडचण?
– वाचक, सिंहगड रोड

उत्तर : कल्पना चांगली आहे, एकट्याच्या बोटीपेक्षा चौघांची जास्त चालते आणि चालणारी बोट बरी राहते. फक्त मैत्री आहे म्हणून लिहून ठेवायचं टाळू नका. खरेदीखतावर आणि नोंदणीत चौघांची नावं, एकाच्या नावावर घेऊन बाकीचे तोंडी भागीदार असं नको, कारण अपघात झाला तर विमा आणि पोलीस नावावर असलेल्यालाच धरतात. चौघांपैकी चालवणार कोण कोण हे विमा कंपनीला आधी कळवा. रविवार वाटून घ्या, दिवाळीच्या सुट्टीचे वेगळे वाटून घ्या, भांडण तिथेच होतं. एक वही बोटीत ठेवा, कोण घेऊन गेलं, किती तास, किती पेट्रोल, काय वाजत होतं, सगळं लिहायचं. एकाला बाहेर पडायचं झालं तर त्याचा हिस्सा कशावर मोजायचा, बाजारभावावर की घातलेल्या पैशांवर, हे आजच ठरवा, तेव्हा ठरत नाही.

आणि प्रोपेलर. तो पहिल्या वर्षात कुणाच्या ना कुणाच्या हातून वाकणारच, आणि ते कुणाचं पाप यावर दोन रविवार जातात. पहिल्या वर्गणीतून आधी एक स्पेअर प्रोपेलर आणि तो बदलायचा पाना घ्या.